पाठीला पाठ

शेवटच्या सकाळी आम्ही नवरा-बायको नेहमीसारखेच न्हाणीच्या उंबऱ्यावर बसलो होतो, पाठीला पाठ लावून. ती आत तोंड करून, मी बाहेर तोंड करून. तिचे पाय आत फरशीवर लांब पसरलेले आणि त्या दोन पायांवर आमचा नातू बसलेला, आठ वर्षांचा घोडा. माझ्या मांडीवर परात, परातीत अवरेकाळूच्या, म्हणजे पावट्याच्या शेंगा. मी शेंगा सोलतोय आणि ती आत पायातली जोडवी मोरीच्या दगडावर वाजवतेय, टिक टिक, टिक टिक. बराच वेळ गेला. मग तिने पाठीनेच माझ्या पाठीला ढुशी दिली. म्हणजे उठा.

"आज नाही व्हायचं," ती म्हणाली.

"काल पण नाही झालं," मी म्हणालो.

"मग उद्या होईल. पोट कुठं पळून जातंय?"

त्याच दुपारी ती गेली. जेवली, पाठ भरून आली म्हणाली, आडवी झाली. मी शेकायला पिशवीत गरम पाणी भरून आणलं, तोवर संपलं होतं. पिशवी माझ्या हातात गरमच होती.

लष्कर मोहल्ल्यात तिला सगळे सुभेदारीण म्हणायचे. तिच्या माहेरचा कोणी पणजोबा महाराजांच्या घोडदळात सुभेदार होता म्हणे. घोडा गेला, तलवार गेली, हुकूम तेवढा हिच्या घशात उरला. भाजीवाला तिची हाक आली की आधी सायकलवरून उतरायचा आणि मग भाव सांगायचा. मी रिक्षांच्या सीटा आणि हुडं शिवणारा माणूस. चौथीपर्यंत शिकलो, तेही कन्नडात. मराठी लिहायला तिनेच शिकवलं, लग्न झाल्यावर, पाटीवर, सासू बघत असताना. मी कुठं चुकलो तर कान धरायची नाही, नुसती "हं?" म्हणायची. त्या "हं"ला मी जास्त भ्यायचो.

नातवाला आम्ही पुट्टा म्हणतो. कन्नडात म्हणजे छोटा. त्याला ऑटिझम आहे. हा शब्द मला सुनेने शिकवला. सून साताऱ्याकडची, कंपनीत कॉम्प्युटरवर बसते, चांगली आहे. पुट्टा बोलत नाही. पंख्याकडे तासभर बघेल, आपल्याकडे बघणार नाही. बाकी सगळं आम्ही पचवलं, पण शीचं काही जमेना. कमोड दिसला की तो कानावर हात ठेवायचा. पाणी सोडल्याचा आवाज झाला की भिंतीवर डोकं आपटायचा. डायपर अंगावर ठेवायचा नाही, फाडून टाकायचा. मुलगा नि सून दोघं रडकुंडीला आलेली. मुलगा एकदा मला म्हणाला, "बाबा, मला माझ्या पोराची भीती वाटते." मलाही वाटायची.

सुभेदारणीला वाटायची नाही. तान्ह्या पोराला आपल्यात पायांवर बसवतात, ते कुणाला सांगायला नको. पाय लांब करायचे, त्यावर पोर बसवायचं, खाली कागद. वर्षा-दोन वर्षांचं झालं की पोर उतरतं. पुट्टा उतरलाच नाही. तिने जोडवी दगडावर वाजवली की तो घरात कुठंही असला तरी येणार, तिच्या पायांवर बसणार आणि मोकळा होणार. दुसऱ्या कुणाकडे नाही, दुसऱ्या कशावर नाही.

पोर वाढत गेलं तशी तिची कंबर जायला लागली. एक दिवस म्हणाली, "अहो, भिंत लांब पडते. तुम्हीच भिंत व्हा." मग मी भिंत झालो. उंबऱ्याच्या बाहेर बसून तिला टेकू द्यायचो. दारात आम्ही दोघं बसलेलो, म्हणजे पुट्ट्याला आत जायला वाट नाही. तो माझ्या डोक्यावर हात ठेवायचा, एक पाय माझ्या खांद्याशी, एक तिच्या, आणि आम्हाला ओलांडून आत. रोज. तो माझ्या अंगाला हात लावायचा तो तेवढाच. नुसतं बसून काय करायचं म्हणून मी शेंगा सोलायचो, लसूण सोलायचो. सून ओरडायची, "बाबा, अहो तिथे काय सोलताय, शी!" तर आतून ही म्हणायची, "शीच तर आहे."

तिला त्या गोष्टीची किळस अशी कधी आलीच नाही. झालं की आतून मोठ्याने "आयतु!" म्हणायची, म्हणजे झालं. पोराला धुवायची, हात धुवायची आणि गुळाचा डबा काढायची. घरातल्या एकूण एकाला गुळाचा खडा. हातात द्यायची नाही, पोरालाही नाही, मलाही नाही. समोर उभी राहून हुकूम सोडायची, "तोंड उघड." मला "तोंड उघडा." गॅसचा सिलेंडर आणणाऱ्या माणसालाही एकदा उघडायला लावलं. त्याला वाटलं घरात कुणी पास झालं. शेजारची सावित्रम्मा भिंतीपलीकडून झालं का विचारायची, "आयता, सुभेदारीणम्मा?" आणि ही भिंतीवरून खडा द्यायची. सगळ्या गल्लीला आमच्या पोराचं पोट ठाऊक. मला लाज वाटायची. ती म्हणायची, "दुसऱ्यांची पोरं पहिली येतात तेव्हा ते पेढे वाटतात की नाही? आपल्याकडे हे आलंय."

एका लग्नात नात्यातला एक जण हसत म्हणाला, "काय वहिनी, एवढा मोठा घोडा अजून तुमच्या पायावर बसतो म्हणे?" ती म्हणाली, "हो. आणि तुमचा तीस वर्षांचा तुमच्या पेन्शनीवर." तिने पापड मागून घेतला.

पण जयलक्ष्मीपुरमला पुट्ट्याची जी शाळा आहे, तिथल्या मिसला ती कधी उलट बोलली नाही. मिस लहान वयाची, हसरी पोरगी. ती एकदा हिच्यापुढे खाली बसली, हिचे सुजलेले पाय हातात घेतले आणि म्हणाली, "अज्जी, तुम्ही केलं ते मोठं काम आहे. पण ह्याला हे पायच माहिती. पाय नसले तर?" घरी येताना सुभेदारीण रिक्षात म्हणाली, "पोरगी खरं बोलते." मिसने सांगितलं तसं मग तिने सगळं केलं. पायाखाली लहान मुलांचं प्लास्टिकचं भांडं ठेवून बघितलं. पाय थोडे थोडे काढून घेऊन बघितलं. जरा पाय सरकले की पुट्टा उठायचा आणि मग दोन दोन दिवस आवळून धरायचा. मिस म्हणायची, घाई नको अज्जी, होईल. खरंच झालं असतं. वेळ पुरला नाही.

आवळून धरणं म्हणजे काय ते मी बघितलंय. हिला ताप चढून दवाखान्यात ठेवलं होतं, तेव्हा पुट्ट्याने ती घरी नाही म्हणून धरून ठेवलं ते ठेवलंच. पोट ढोलासारखं. खाणं बंद. शेवटी त्यालाही न्यावं लागलं. चौघांनी हातपाय धरले, त्यांचा इलाज नव्हता, आणि खालून नळी घातली. मी बाहेर उभा होतो. बकरं कापताना सुद्धा तसं ओरडत नाही. त्यानंतर चड्डीला कुणी हात लावला की तो चावायचा. सुनेच्या मनगटावर अजून खूण आहे. ही घरी आली, अंगात ताकद नाही, तोंड एवढंसं झालेलं, आणि दारातूनच म्हणाली, "माझा बसायचा पाट कुठंय?"

तेव्हापासून तिने माझ्यामागे लकडा लावला. "तुमचे पाय देऊन बघा एकदा. मी मेले तर काय करणार?" मी म्हणायचो, "तू कुठं मरतेस? यमाला तूच आधी चपला बाहेर काढायला लावशील." शेवटी एकदा बसलो. पुट्ट्याने माझ्या पायांकडे बघितलं आणि अशी किंकाळी फोडली की सावित्रम्मा धावत आली. सुभेदारीण डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. "त्याचं चुकलं नाही. हे पाय आहेत की रिक्षाचे टायर?" मी उठलो आणि माझ्या जागेवर, मागे जाऊन बसलो. बरं वाटलं. तिथं मला काम जमत होतं.

आता ती गेल्यावर मला कळलं की मला काहीच माहीत नाही. एवढी वर्षं मी तिच्या मागे बसलो. पोर समोर बसल्यावर ती हात कुठं ठेवायची? गुडघ्यावर, की त्याच्या पाठीवर? त्याच्याकडे बघायची, की दुसरीकडे? मी फक्त ऐकत होतो. पुट्ट्याचा जोर काढल्याचा "हुं", आणि ती टिक टिक.

म्हणून मी जोडवी मागितली.

बायकांनी तिला न्हाऊ घातलं होतं, हिरवं लुगडं, हिरव्या बांगड्या, मळवट भरलेला. ओटी भरली. नवऱ्याच्या आधी गेली म्हणून सगळ्या म्हणत होत्या, भाग्याची. माझी थोरली बहीण, अक्का, सगळं सांगत होती. मी पुढे होऊन म्हणालो, "तिची जोडवी काढा."

सगळ्या थांबल्या. अक्का म्हणाली, "डोकं फिरलं का रे तुझं? अहेव गेलीय बाई. भरल्या पायांनी जाऊ दे तिला."

"पोराला लागतात."

"पोराला? जोडवी?"

"हो. परसाकडला."

अक्काने तोंडावर पदर घेतला. कुणीतरी म्हणालं, धक्का बसलाय त्यांना, बसवा कुठंतरी. तेवढ्यात सून उठली. साबणाचं पाणी आणलं, सासूच्या पायाशी बसली आणि पीळ देत देत जोडवी काढली. बोटं सुजलेली, निघता निघेनात. ती रडत होती आणि काढत होती. अक्का म्हणाली, "मोकळ्या बोटांनी गेली बिचारी. वर तिला विचारतील." मी म्हणालो, "विचारू दे. ती सांगेल त्यांना." जोडवी मी सदऱ्याच्या खिशात घातली आणि मग खांदा दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी घर पाहुण्यांनी भरलेलं. मुलगा कोपऱ्यात बसलेला, केस काढलेले. पुट्टा पंख्याखाली, पोट फुगलेलं, हातांनी चड्डी घट्ट धरलेली. आवळून धरल्याचा तिसरा दिवस. सुनेने माझ्याकडे बघितलं. तिला दवाखाना दिसत होता, मलाही.

मी पाट घेतला आणि उंबऱ्यावर तिच्या जागी बसलो, आत तोंड करून. पाय लांब केले. जोडवी माझ्या अंगठ्याजवळच्या बोटात कुठली जायला. एक करंगळीत गेलं. दुसरं सीटा शिवायच्या दोऱ्याने बांधलं. मागून अक्काचा आवाज आला, "अग बाई, हे काय आता?" मी दगडावर वाजवलं. टिक टिक. तसं येईना, माझा पाय जड. पुन्हा वाजवलं. पाठ लगेच दुखायला लागली. मागे टेकायला काही नव्हतं. हे ती मला आधी बोलली असती तर! बोलली होती म्हणा.

मागे पावलं आली. मी वळलो नाही. डोक्यावर हात पडला, छोटा, गरम. आता ओलांडेल, मग माझे पाय बघेल, मग किंचाळेल, म्हणून मी डोळे मिटून घेतले. तो ओलांडेना. हात तसाच. मग हात निघाला, आणि माझ्या पाठीला काहीतरी टेकलं. पुट्टा उंबऱ्याच्या बाहेर बसला होता. माझ्या जागेवर. पाठीला पाठ लावून.

मी हललो नाही. काय करायचं ते मला ठाऊक नव्हतं. तो आत यायला हवा होता, पायांवर बसायला हवा होता, आणि हा बाहेर बसलाय, चड्डी घालून, सगळ्या पाहुण्यांसमोर. मला एकच येत होतं, ते करत राहिलो. टिक टिक. टिक टिक.

मग पाठीला त्याची पाठ ताठ झालेली लागली. आणि "हुं" ऐकू आलं.

"अरे देवा," अक्का ओरडली, "चड्डीत! तिथंच बाहेर! उठवा त्याला!"

"हात लावायचा नाही कुणी," मी म्हणालो. "फरशी धुता येते."

पुरं होईस्तोवर मी वाजवत राहिलो. वास सगळ्या घरभर गेला. मुलगा उठून आला आणि दाराशी उभा राहून हुंदके द्यायला लागला, काल मसणात रडला नव्हता तो. सुनेने पुट्ट्याला धुतलं. तो चावला नाही. मी फरशी धुतली, दोनदा. उद्या तो येईल का, आत बसेल की बाहेर, माझे पाय घेईल की नाही, मला काही सांगता येत नाही. मिसला विचारीन.

मग मी गुळाचा डबा काढला. पुट्ट्याला दिला, सुनेला दिला, मुलाला दिला. अक्कासमोर जाऊन उभा राहिलो.

"सुतकात गोड?" ती म्हणाली. "लाज सोडलीस का रे?"

"तोंड उघड," मी म्हणालो.