झाकलेलं पिंप

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी परंड्याच्या घरी तांदूळ निवडत होते. भाचा बोलत होता, मी हं हं करत होते. फोन ठेवला आणि उरलेले तांदूळ निवडून टाकले. महिना झाला, रडू आलेलं नाही...

माझा हा थोरला भाऊ परराज्यात तांब्याच्या खाणीवर केमिस्ट होता. दुष्काळाच्या साली रजेवर आला तो खाणीतल्या पाण्याचे दोन कॅन घेऊन. निळसर हिरवं, तेजाबासारखं आंबट पाणी. आम्ही हंडाभर पाण्याला महाग, आणि हा शहाणा विषारी पाणी घेऊन आलेला! "तिथल्या बायांच्या दारात ओढा हाय, पर त्यात हेच वाहतंय," तो म्हणाला. "त्याबी लांबनं पाणी आणत्यात." गाळातले जिवाणू हे पाणी साफ करतील, असं त्याच्या डोक्यात होतं. त्यांना खायला म्हणून त्यानं ढोकीच्या साखर कारखान्यातून उसाची मळी आणली. शेण, गटाराचा काळा गाळ, मळी आणि ते पाणी पिंपात भरून झाकण लिंपलं. जिवाणूंनी काम केलं की धातू काळा होऊन तळाशी बसणार होता. जमलं तर खाणीवर तळं बांधायचं होतं, पण साहेबांनी संधी एकदाच दिलेली. "शके, म्या येईस्तोवर उघडायचं न्हाय. हवा लागली की मरत्यात ते," असं बजावून तो परतला.

टँकरच्या गढूळ पाण्यात रोज तुरटी फिरवायचं काम माझ्याकडं होतं. आठवड्यात पिंपातून सडक्या अंड्यांचा वास यायला लागला. तीच काम सुरू झाल्याची खूण, हे मला कुठं ठाऊक! पाणी नासलं या धास्तीनं मी झाकण काढलं, तुरटी फिरवली, पुन्हा लिंपलं. मग रोजच. दादाला मदत करतेय असंच वाटत होतं.

दोन महिन्यांनी तो आला. पाणी तसंच हिरवं.

"उघडलं व्हतं का कुणी?"

"न्हाय."

तो पिंपाशी बसून झाकणाच्या कडेच्या ओल्या लिंपणावरून बोट फिरवत राहिला. पुढं साहेबांनी नकार दिला, एवढंच त्यानं सांगितलं. कित्येक वर्षांनी, परदेशात जिवाणूंनी असंच पाणी साफ केल्याची बातमी त्यानं मला वाचून दाखवली. मी चहा ठेवायला उठले. खोटं बोलल्याची लाज वाटत होती, अजून वाटते.

परवा भाच्यानं दादाचे कागद आणून दिले. त्यात साहेबांना लिहिलेल्या पत्राची कार्बन कॉपी निघाली. 'पिंपाचे झाकण माझ्याच हातून सैल राहिले. प्रयोगात दोष नाही. कृपया आणखी एक संधी मिळावी.'

दादानं लिंपलेलं झाकण सैल राहील? त्याला तेव्हाच कळलं होतं...

भाचा ते पत्र परत मागतोय. वाचून झालं की देते, असं मी त्याला सांगते. तीनच ओळी आहेत.