सुगंधाकाकीची पोथी

आमची सुगंधाकाकी लग्न होऊन मसुऱ्यात आली, ती मालवणपलीकडे कधी गेली नाही. श्रावणात घरोघरी पोथी लागायची. अठ्ठावन्न साली काकीने लावली ती वाचनालयातून आणलेली, दक्षिण ध्रुवाकडे चालत निघालेल्या माणसांची. गावाने नावं ठेवली. ठेवू देत! बर्फात त्यांचे कुत्रे मेले तेव्हा बायका रडल्या आणि दुसऱ्या दिवशी दुप्पट आल्या.

समाप्तीला काकीने रीतसर पुस्तकाला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. तिचे दीर दाजी उंबऱ्यातूनच कडाडले, "ह्या पोथीत देव खंय आसा गो?"

पुस्तकावरचं फूल सारखं करत काकी म्हणाली, "देव नाय तिच्यात, भावजी. म्हणानच माणसांका चलूचा लागता."