स्ट्रिपवरच्या खुणा

माझं अख्खं आयुष्य एका ऑफिसच्या दक्षता विभागात गेलंय. कुणी हसून नमस्कार केला तरी हा का हसला, हा प्रश्न मला आधी पडतो. ही सवय ऑफिसातच ठेवून घरी यायला हवं होतं. पण ती रोज माझ्याबरोबर दिंडोशीला यायची, जेवायला बसायची, झोपायची.

बायकोचं वजन कमी करायचं ऑपरेशन झालं आणि या सवयीला ऊतच आला. डॉक्टर म्हणाले, "जठर लहान केलंय, आतड्याचा थोडा भाग वगळलाय. खाल्लेलं सगळं आता अंगी लागणार नाही. लोह, कॅल्शियम, बी-ट्वेल्व्ह, या गोळ्या जन्मभर." जन्मभर! मनात म्हटलं, झकास. हॉस्पिटल यांचं, खालचं मेडिकलही यांचंच, आणि गिऱ्हाईक जन्मभराचं! डिस्चार्जची फाईल घरी आणून मी पानन् पान तपासलं. शेवटची दोन पानं खाण्यापिण्याच्या सूचनांची होती. त्यांवर ना सही, ना शिक्का. असला कागद मी ऑफिसात बाजूला ठेवतो, घरीही ठेवला.

गोळ्या मात्र आणल्या. तिच्या तब्येतीशी खेळ नको, इतकी अक्कल होती. गुडघ्यांनी आणि साखरेने तिला चार वर्षं घरात बसवलं होतं. ऑपरेशननंतर ती चालायला लागली, कॉलनीच्या बागेत मला मागे टाकून फेऱ्या मारायला लागली. "यंदा गणपतीला गावी गेलो की घाटी चढून देवळात जाणार, बघाच तुम्ही," म्हणायची. लग्न झालं तेव्हा हीच घाटी ती पळत चढायची.

आमच्याकडे सकाळचा चहा माझा. लग्नापासूनचा. आल्याचा, दूध जास्त, अगदी कडक. कप तिच्या हातात द्यायचा, बशीत तिच्या सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिप मांडायच्या, आणि "एकदम घेऊन टाक गं" म्हणून मी आंघोळीला पळायचो. वर्षभर एक दिवस चुकवला नाही.

आणि तरी वर्षाच्या आत ती खंगायला लागली. कंगव्यात केसांचे पुंजके. दोन जिने चढली की धाप. नखं पांढरी फटक. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन पार घसरलेलं. "गोळ्या नियमित घेता ना?" डॉक्टरांनी विचारलं. "एकही चुकवली नाही," ती म्हणाली. डॉक्टर म्हणाले, महिन्याने पुन्हा तपासू, आणखी खाली गेलं तर ॲडमिट करून शिरेतून लोह द्यावं लागेल, आणि तोवर चढण वगैरे बंद.

मला ते 'एकही नाही' खटकलं. गोळी पोटात जाते तर रक्तात का दिसत नाही? म्हणजे पोटात जातच नाही. मी आंघोळीला गेलो की ही टाकून देते! दुसऱ्या दिवसापासून स्ट्रिपच्या मागे प्रत्येक गोळीशी बॉलपेनने बारीक खूण करायला लागलो. गोळ्या बरोब्बर कमी होत होत्या. त्याने उलट संशय वाढला. कचऱ्याचा डबा पाहिला, बेसिनची जाळी पाहिली, तुळशीच्या कुंडीत बोट खुपसून पाहिलं. शेजारीण दारातून बघत होती, तिला म्हटलं, माती कोरडी वाटली. कुठे काही मिळेना.

मग एका रविवारी दुपारी स्वयंपाकघरातून कुरकुर आवाज आला. पाय न वाजवता गेलो. ती डब्यापाशी उभी राहून कच्चे तांदूळ चावत होती. पदराच्या टोकाला आणखी मूठभर बांधलेले.

"काय गं हे?"

ती चोरासारखी दचकली. "काही नाही. असंच तोंडात टाकते. राहवत नाही."

"गोळ्या फेकतेस आणि चोरून तांदूळ खातेस? कुणाला फसवतेस?"

चिडली की ती मालवणीवर येते. "शिरा पडो तुमच्या त्या संशयार!" म्हणाली आणि पदराची गाठ सोडून तांदूळ डब्यात परत ओतले. मग पाच दिवस अबोला. चहा मात्र मी रोज दिला, बशीतल्या गोळ्यांसकट.

महिना झाला. रक्त आणखी घसरलं. अंधेरीला दवाखान्यात यावेळी डॉक्टरांनी आम्हाला आधी डाएटिशियनकडे पाठवलं. मुलीच्या वयाची, पण नजर आमच्या खात्यातली. मी खुर्ची पुढे ओढली आणि तांदळाचं प्रकरण सांगून टाकलं. वाटलं, आता हिची खरडपट्टी निघणार.

"काका, लोह फार कमी झालं की अशी इच्छा होते. त्यांचा दोष नाही." मग बायकोकडे वळून तिने विचारलं, "गोळ्या किती चुकतात?"

"एकही नाही. यांना विचारा, खुणा केल्यात यांनी स्ट्रिपवर."

मी गार पडलो. हिला माहीत होतं!

"बरं. कशाबरोबर घेता?"

बायको पदराचं टोक बोटाला गुंडाळायला लागली. मग मीच म्हणालो, "चहाबरोबर. सगळ्या एकदम. मीच देतो."

डाएटिशियनने पेन खाली ठेवलं. "अहो काका, चहा आणि दूध लोहाला आत शिरूच देत नाहीत. कॅल्शियमची गोळीही दोन तास लांब हवी. फाईलच्या शेवटच्या दोन पानांत लिहिलंय सगळं. वाचलं नाही का कुणी?"

ॲडमिट व्हावंच लागलं. हातात सुई, बाजूला स्टँडला लोहाची तपकिरी बाटली. गणपतीला गावी गेलो, तेव्हा ती घाटीच्या पायथ्याशी दगडावर बसून राहिली आणि मी एकटा देवळात जाऊन आलो. आता हिमोग्लोबिन वाढतंय. लोह सकाळी लिंबूपाण्याबरोबर, कॅल्शियम दुपारी, चहा मी एकटाच पितो.

पण त्या दिवशी अंधेरीहून परतताना रिक्षात ती जे बोलली, ते काही डोक्यातून जात नाही.

"ऑपरेशन झाल्यापासून मला चहाचा वाससुद्धा सहन होत नाही हो. मळमळतं."

"मग वर्षभर प्यायलीस कशाला?"

"तुम्ही लवकर उठून करायचात ना."

"अगं, पण मला सांगायचंस तरी!"

ती बाहेर बघत होती. "विचारलं असतंत तर सांगितलं असतं," ती म्हणाली. "तुम्ही विचारता कुठे? तुम्ही तपासता."