न वाळणारा मुलूख

पाऊस सुरू झाला की चाचा आधी दाराबाहेर हात काढत. तळहातावर चार थेंब पडू देत, ते नाकाशी नेऊन हुंगत, हात लेंग्याला पुसत आणि म्हणत, "ह्यो पाऊस न्हवं. ही नुस्ती वर्दी हाय."

बाहेर कोल्हापूरचा आषाढ कोसळत असे. पंचगंगा घाटाच्या पायऱ्या चढून वर आलेली असे, टांगेवाले घोडे सोडून देवळांच्या आडोशाला बसलेले असत, आणि हा माणूस आम्हाला सांगणार की ही नुसती वर्दी! तुमच्याही गल्लीत असा एखादा असेलच, परमुलूख पाहून आलेला, ज्याला घरचं काहीच पुरत नाही. अशांचा आपल्याला राग येतो. चाचांचा येत नसे. ते फुशारकी मारत नसत. त्या मुलखाचं नाव निघालं की उलट त्यांचा आवाज खाली जाई, गाभाऱ्यात शिरल्यावर आपला जातो तसा.

महाराजांच्या कारकिर्दीत कोल्हापुरात नाटक कंपन्यांना बरे दिवस होते. अशाच एका कंपनीत मी ऑर्गन वाजवत असे आणि चाचा पडदे रंगवत. त्यांच्या घरात ताबूत सजवायचं आणि पालख्या रंगवायचं काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. मालकांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे त्यांना चाचाच म्हणत. मला ते मास्तर म्हणत. ऑर्गन वाजवणारा कितीही पोरगेला असला तरी नाटकात तो मास्तरच.

त्यांचा जंगलाचा पडदा आमच्याकडे प्रसिद्ध होता. प्रसिद्ध अशासाठी की तो एकच होता. दंडकारण्य असो, शकुंतलेचा आश्रम असो की राजाची शिकार, मागे तोच. पोपटी झाडं दरबारातल्या मानकऱ्यांसारखी ओळीनं उभी, मध्ये तळं आणि तळ्यात दोन हंस. चाचांनी उभ्या जन्मात जंगल पाहिलं नव्हतं. पाहिला होता तो ऊस, आणि आंब्याची झाडं.

मालकांनी नवं पौराणिक नाटक काढलं, त्यात अशोकवनाचा मोठा प्रवेश होता. एका तालमीला दरबारातले एक पाहुणे आले. ते कधीकाळी सिलोन पाहून आलेले. पडदा बघून त्यांना हसू आवरेना.

"मालक, ही लंका व्हय? ही तर कागलची आमराई! आनि ह्या हंसांनी समुद्र पार केला तरी कसा?"

मालक मोठा मानी माणूस. पाहुणे गेल्यावर बराच वेळ मिशीवरून हात फिरवत बसले आणि एकदम गरजले, "चाचा, तुमी लंकंला जावा!"

"कुनाच्या?" चाचांनी घाबरून विचारलं.

"रावनाच्या! दुसरी कुटली हाय?"

मिरजेच्या पलीकडे न गेलेला हा माणूस मग पावसाळ्याच्या तोंडाला खरंच निघाला. घरच्यांनी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. मालकांनी कोलंबोतल्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याचा पत्ता दिला. आगगाडीनं तुतिकोरीन, तिथून आगबोट. काखेत खळ लावलेल्या मांजरपाटाची गुंडाळी आणि रंगांच्या पुड्या. महिनाभरात चित्रं काढून परत, असं ठरलं होतं. चाचा आले ते दसऱ्याला.

तालीमखान्यात आम्ही सगळे जमलो. मालकांनी मोठ्या हौसेनं गुंडाळी उलगडली, आणि दोन पावलं मागं सरले. आत बुरशी. पांढरी, काळी, एका कोपऱ्यात तर चक्क नारिंगी. मधोमध एक अळंबं उगवून आपलं आपण सुकून गेलं होतं.

"चाचा, चित्रं कुटं हायेत?"

"मालक, रंग वाळंना."

"म्हंजे?"

"तितं कायबी वाळत न्हाय. अंगावरला सदरा वाळला न्हाय, चुलीतलं लाकूड वाळलं न्हाय. खळीला बुरशी धरली, सरसाला वास सुटला. म्या तरी काय करू?"

आता यात चूक कुणाची म्हणायची? आमच्याकडची रीतच अशी की कापडाला खळ लावून ते कडकडीत वाळवायचं आणि मग सरस घातलेला रंग वर चढवायचा. सगळा खेळ उन्हाचा. पण कोल्हापुरात ऊन फुकट मिळतं, त्यामुळे पडद्याला ऊन लागतं हे आमच्या एकाही शहाण्याच्या लक्षात आलं नव्हतं. पावसाच्या मुलखात आम्ही माणसाला खळीचं कापड देऊन पाठवला होता.

"मग अक्खा पावसाळा केलंसा काय?"

चाचांनी जरा विचार केला. "बघत बसलो," ते म्हणाले.

मालकांनी कपाळावर हात मारून घेतला. जाहिराती लागल्या होत्या. पहिल्या प्रयोगाला महाराज येणार होते. कंपनीची अब्रू एका पडद्यावर टांगलेली, आणि पडदा रंगवणारा बघत बसला होता.

चाचांना काळजी होती, पण ती निराळी. त्या संध्याकाळी ऑर्गनच्या पेटीला टेकून ते मला म्हणाले, "मास्तर, ते समद्यांस्नी दावायचं हाय मला. घरात बायकूला सांगितलं तर ती व्हय व्हय म्हनती, पर तिला दिसत न्हाय. एवढं मोठं अल्लानं करून ठेवलंय, नि ते म्या एकट्यानंच बघून मरायचं? ह्येचा काय उपेग?"

एवढ्या कळवळ्यानं ते बोलले. मी उगाच भाता हलवला.

मग रोज तालमीनंतर त्यांच्याभोवती कोंडाळं जमू लागलं. ते राहिले होते डोंगरातल्या एका चहाच्या मळ्याच्या कडेला, एका म्हातारीच्या झोपडीत. एकमेकांची भाषा कळत नव्हती. ती भात वाढायची, हे "बस्स" म्हणायचे, की ती आणखी वाढायची. जळवांनी पोटऱ्यांवर केलेले डाग ते लेंगा वर करून दाखवत आणि म्हणत, "ह्यो लंकंचा शिक्का." कुणीतरी हटकून विचारी, "चाचा, लंका सोन्याची हाय का वो?"

"सोनं कुटलं! तितं सोन्याला बी शेवाळ आलं असतं."

गंमत तिथंच संपे. पुढं ते बोलू लागले की आमच्या तोंडातला विडा तसाच राही. "एक झाड म्हंजे एक नसतंय मास्तर. झाडावर झाड, त्येच्यावर तिसरं, फांदीवर शेवाळ, शेवाळात फूल, फुलात पानी, नि त्या पान्यात बेडूक. व्हय, बघितला की! वर बघितलं तर आभाळ न्हाय. खाली बघितलं तर जमीन न्हाय. मुळ्याच मुळ्या. आनि पाऊस आधी दिसत न्हाय, ऐकू येतोय. पिटातल्या मागच्या माणसानं टाळी वाजवावी नि ती फुडं फुडं येत जावी, तसा डोंगरावरनं येतोय. पळायला येळ असतोय, पर पळून जायचं कुटं?"

एकदा, पाऊस घटकाभर थांबला असताना, ते रानाच्या कडेला नमाज पढायला बसले होते. सबंध डोंगरातून वाफ निघत होती. पानापानातून पाणी ठिबकत होतं, आणि दुसरा कसलाही आवाज नव्हता. सजद्यात डोकं टेकलं आणि उठले, तर कपाळाला शेवाळ लागलेलं. "पुसावं असं वाटलंच न्हाय," ते म्हणाले. झोपेतही बडबडणाऱ्या आमच्या विनोदी नटानं नकळत स्वतःच्या कपाळावरून हात फिरवला.

पडद्याचं काम निघालं तेव्हा चाचांनी हिरव्या रंगाची पुडी उघडलीच नाही. तालीमखान्याच्या फरशीवर कापड अंथरलं, बांबूला कुंचला बांधला आणि अनवाणी त्यावर फिरत काजळ ओतायला सुरुवात केली. काजळ, मग नीळ, पुन्हा काजळ. मालक दारात येऊन थबकले.

"चाचा, हे अशोकवन हाय का कोळशाची वखार?"

"मालक, तितं हिरवा न्हाय. तितं अंधार हाय, नि अंधारात कुटनं तरी उजेड येतोय. त्यो हिरवा."

मालक 'देवा रे' म्हणत गेले. चाचा माझ्याकडे वळले. "मास्तर, खालचा एक सूर धरून ठेवा. सोडू नगा." मी खर्ज धरला. तसाच धरून बसलो, पाय भरून येईपर्यंत. त्या सुरात ते अंधारावर पिवळ्या पेवडीचा पातळ हात फिरवत गेले, तशी काळ्यातून पानं वर येऊ लागली. शेवटी त्यांनी खराटा पांढऱ्या रंगात बुडवला, झटकला, आणि सबंध कापडावरून एका दमात ओढत नेला. माझा हात स्वरावरून निसटला.

पहिल्या प्रयोगाला गर्दी लोटली होती. गाद्यांवर दरबारी मंडळी, पिटात नेसरीपासून उचगावपर्यंतचे शेतकरी, आपापल्या नव्या वहाणा शेजारी काढून ठेवून मांडी घातलेले. अशोकवनाचा प्रवेश आला आणि दर्शनी पडदा उघडला. टाळी नाही, शिट्टी नाही. पिटातल्या एका म्हाताऱ्यानं पडद्यावरची नजर न काढता शेजारच्या वहाणा चाचपल्या, उचलल्या आणि घोंगडीखाली मांडीत घेतल्या. भिजल्या तर चामडं गेलं ना! त्याचं बघून शेजारच्यानं उचलल्या, मग त्याच्या पलीकडच्यानं. कुणी हसलं नाही. आमची सीता म्हणजे चांगला कुस्तीच्या तालमीत घुमलेला गडी, पण प्रवेश करताना त्यानंही शालूचा घोळ दोन बोटं वर धरला. महाराज काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही; मी रंगमंचापुढे खाली ऑर्गनशी बसलेला. मालक मात्र नाटक संपल्यावर चाचांना मिठी मारून मोठ्यानं रडले.

चाचा रडले नाहीत की हसले नाहीत. पडद्यासमोर उभे राहून त्यांनी मान हलवली. "चित्र झालं मास्तर. पाऊस न्हाय झाला. ह्यो उभाच हाय बघा. त्यो असा उभा ऱ्हात न्हाय."

पुढं सात-आठ महिने कंपनी गावोगाव हिंडली. लोक त्या पडद्यासाठी तिकिटं काढत, आणि चाचा प्रत्येक मुक्कामाला त्यावर हात फिरवत. कुठं काजळ वाढव, कुठं खराटा मार. त्यांची झोप उडाली, अंग वाळलं. बेळगावात मालकांनी त्यांच्या हातातला कुंचला काढून घेतला, तर ते लहान मुलासारखे रुसून बसले. मला त्यांची भीती वाटू लागली होती. माणसानं फार मोठं काही पाहू नये, असंही कधी मनात येई.

पावसाळ्याला कंपनी कोल्हापुरात परतली, आणि चाचांचं ते दाराबाहेर हात काढून थेंब हुंगणं सुरू झालं. त्या वेळी आमचे खेळ पत्र्याच्या मांडवात होत. एका दुपारी रात्रीच्या खेळासाठी पडदा टांगून झाला होता, आणि वारं सुटलं. बघता बघता रंगमंचावरचे पत्रे उडाले आणि आभाळ सरळ आत आलं. मालक ओरडले, "गुंडाळा! पडदा गुंडाळा!" गडी दोऱ्यांकडे धावले. तोवर चाचा दोरीला जाऊन बिलगले होते.

"हात लावू नगा! कुनी हात लावू नगा!"

पाणी पडद्याच्या वरच्या काठातून उतरू लागलं. आधी शेंड्यांची काजळी सुटली. ती खालच्या पानांत आली, पानं मुळ्यांत आली, नीळ सगळ्यांतून वाट काढत निघाली, आणि सबंध रान वरून खाली चालू लागलं. झाडावर झाड, त्यावर तिसरं, सगळी एकमेकांतून वाहत होती. खराट्यानं ओढलेल्या पांढऱ्या रेघा हलत होत्या, तुटत होत्या, पुन्हा येत होत्या. पत्र्यांवरचा आवाज एवढा की स्वतःचा श्वास ऐकू येईना. मी किती वेळ पाहत होतो, सांगता येणार नाही. माझे हात आपोआप जोडले गेले होते, एवढं आठवतं.

चाचांनी माझं मनगट धरलं. ते नखशिखांत भिजले होते आणि चेहरा पोरासारखा उजळला होता. "बघा मास्तर! बघून घ्या! असंच हाय तितं, हेच हाय!" मालक शेजारी येऊन उभे राहिले. त्यांनी डोक्यावरची पगडी काढून हातात घेतली होती.

मग कापड फिकट झालं, करडं झालं, आणि शेवटी नुसता मांजरपाट उरला. गड्यांनी तो पिळला.

मालकांनी दुसरा पडदा रंगवा म्हणून पुष्कळ विनवलं. चाचा म्हणाले, "न्हाय मालक. समद्यांनी त्यो पाऊस बघितला, झालं." त्यांनी कंपनी सोडली आणि पुन्हा ताबूत-पालख्यांच्या कामाला लागले. रस्त्यात भेटले की माझ्या पोराबाळांची चौकशी करत. त्या मुलखाचा विषय त्यांनी माझ्याजवळ पुन्हा काढला नाही. चेहऱ्यावर मांस आलं होतं, झोप लागत होती. काही वर्षांनी ते गेले. मी मातीला गेलो होतो.

आता माझं वय झालं. प्रवास म्हणाल तर बेळगाव, पुणे, एकदा काशी. पण घरातली नातवंडं कधी विचारतात, "आजोबा, तुम्ही लंका पाहिलीय?" मी "हो" म्हणतो.