साखर तपासायला कंधारकडे

लातूरच्या नर्सिंग कॉलेजात शिकवून शिकवून कंटाळा आला होता. त्यात एका संस्थेकडून काम आलं: कंधारकडच्या एका गावात मधुमेह आणि बीपीच्या पेशंटना घरी जाऊन सेवा देणाऱ्या सिस्टरचं काम बघून या, चालू ठेवायचं की बंद करायचं ते सांगा. हुरड्याचे दिवस होते. मी लगेच हो म्हटलं!

लातूरहून अहमदपूर, लोहा करत एसटीनं कंधार. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे खिडकीसाठी भांडणंही बायकांचीच. अहमदपूरच्या स्टँडवर गरम भजी खाल्ली. चहा मात्र नुसता पाक. रस्ता लोह्यापर्यंत झकास, पुढे कंबर सांभाळा. कंधारचा किल्ला बघायचा तर त्याच दिवशी बघून घ्या. मी संध्याकाळी गेले, खंदकाकाठी तासभर निवांत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेअर जीपनं गावात. गच्च भरल्याशिवाय ती हलत नाही, तेव्हा घाई असेल तर मन मारून बसा. फाट्यावर सुवर्णा सिस्टर उभ्या होत्या. मी तारीख आधीच कळवली होती. त्यांनीही घरोघर निरोप दिला होता, मॅडम येणार, घरीच थांबा म्हणून.

पहिलंच घर गिरजामायचं. सत्तरीच्या पुढची बाई, रोज इन्सुलिन घेणारी. अंगण सारवलेलं, खाट टाकलेली. "या मॅडम, बसा. सिस्टर लई जीव लावते बगा आमाला." सुनेनं पिठलं-भाकरी आणून ठेवली. मी ठेच्याकडे हात नेला आणि मायच्या हातातला तांब्या खाली पडला. कपाळावर घाम, हात थरथरत होते.

सिस्टर धावल्या. बोटातून थेंब घेतला, मशीनवर आकडा बघितला आणि ओरडल्या, "साखर आणा, पाणी आणा, लवकर!" सून आत पळाली. माय शुद्धीवर होती, साखरेचं पाणी गिळता येत होतं, म्हणून निभावलं. मी वीस वर्षं हे वर्गात शिकवते; पण त्या खाटेपाशी मी नुसता पडलेला तांब्या उचलला, खरंच सांगते.

थोड्या वेळानं पुन्हा तपासलं, साखर वर आली होती. सिस्टरनी भाकरीचा घास भरवत विचारलं, "माय, सकाळी खाल्लं काय?"

"न्हाई."

"रात्री?"

"रातीबी न्हाई. सुई तेवढी घेतली. मॅडम तपासाया येनार, साखर जास्ती निघाली तर तुलाच बोल लागंल की."

सिस्टरच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. "मरायला निघाली होतीस का गं!"

माय माझ्याकडे वळली. "मंग मॅडम, कमी निघाली न्हवं? सिस्टर पास हाय का?"

साखर उतरली की सेवा चांगली, असा आमचा सरळ हिशोब. तो म्हातारीनं बरोबर ओळखला आणि स्वतःच्या जिवावर बेतवून घेतलं. त्या दिवशी आणखी चार घरं फिरलो. प्रत्येक घरी मशीनच्या आधी मी चूल बघितली. आणखी एक आजोबा उपाशी निघाले. "तुमी तपासाया येनार म्हनून," म्हणाले. अशा कामाला जाणार असाल तर हात जोडून सांगते, न कळवता जा.

सेवा चालू ठेवा, असं मी कळवलं. कारणात साखरेचा आकडा घातला नाही, कोण उपाशी राहिलं आणि सिस्टरनी कसं सावरलं ते सरळ लिहिलं.

रविवारी घरी आईला हे सगळं सांगितलं. तिलाही मधुमेह आहे, दर रविवारी सकाळी मीच तिची साखर तपासते. ती हसली.

"मी पण शनिवारी रात्री ताकावरच झोपते," म्हणाली.

"अगं, का?"

"जास्त निघाली की तुझं तोंड कसं होतं, ते आरशात बघ एकदा."

रागावणार होते, पण कुणावर? आधी दोघींनी पोटभर खाल्लं. मशीन नंतर काढलं.