गुरुजींचा आवाज तुटतोय

वडील भिक्षुकी करतात. वालूर आणि आसपासच्या गावांतले सत्यनारायण, वास्तुशांती, श्राद्धपक्ष ही कामं त्यांच्याकडे. गुडघे गेले तसं त्यांचं बाहेर पडणं थांबलं. तोवर निम्मे यजमानही गाव सोडून पुण्याला, संभाजीनगरला जाऊन राहिले होते, त्यामुळे एक सोय आपोआप झाली. मोबाइल समोर टेकवायचा, वडलांनी इकडे पाटावर बसायचं, यजमानानं तिकडे फ्लॅटमध्ये. वडील मंत्राचा एक तुकडा सांगणार, यजमान तो मागून म्हणणार. मी सेलूला शाळेत कारकून आहे. सकाळी फोन लावून द्यायचा, वडलांना "झालं, बोला" म्हणायचं आणि पळत जाऊन एसटी धरायची, एवढंच माझं काम. बायको अंगणवाडीत शिकवते, ती त्याआधीच गेलेली असायची. आई आता नाही. म्हणजे विधी चालू असताना घरात वडील एकटेच.

सुरुवातीला बरं चाललं. मग तक्रारी यायला लागल्या. गुरुजींचा आवाज तुटतोय. आधी एक यजमान म्हणाला, मग दुसरा, मग सगळेच. मधेच आवाज बंद पडतो आणि येतो तेव्हा दोन ओळी पुढं गेलेला असतो. पुण्याच्या एका यजमानांनी तर मला शाळेत फोन केला. हे आमचे तीन पिढ्यांचे यजमान, निवृत्त इंजिनिअर, शब्द मोजून बोलणारे. म्हणाले, "राग मानू नका, पण आईचं श्राद्ध आहे. अर्धं ऐकू येतं, अर्धं नाही. या पितृपंधरवड्यात पुन्हा तसंच झालं तर मी इथलेच गुरुजी बघीन."

त्यांचं काही चुकलं नव्हतं. पण ते गेले की बाकीचेही एकेक करून जाणार, हे मला दिसत होतं. पोटापाण्याचा प्रश्न नव्हता, माझा पगार आहे. पण यजमानच राहिले नाहीत तर वडलांनी सकाळी उठून आंघोळ करून सोवळं नेसायचं कशासाठी? गुडघे गेलेल्या माणसाकडे तेवढंच एक काम उरलं होतं.

मी ठरवलं, कंप्युटर घ्यायचा. तोही तयार नाही, एकेक भाग निवडून घरी जोडायचा. तयार डब्यात आवाजाचं आणि नेटचं सामान दुकानदाराच्या मर्जीनं बसवलेलं असतं, आणि माझं घोडं नेमकं तिथंच अडलं होतं. वडलांना सांगितलं तर म्हणाले, "कशाला उगं? फोन बरा आहे की." मी म्हटलं, "अण्णा, तुम्ही मंत्रांचं बघा, तारांचं माझ्याकडं राहू द्या." जरा तोऱ्यातच म्हटलं, खोटं कशाला सांगू.

परभणीच्या दुकानात गेलो. दुकानदारानं विचारलं, "कशाला पायजे सर? गेमिंगला?"

"श्राद्धाला," मी म्हटलं.

तो माणूस धंद्यात मुरलेला असावा. म्हणाला, "मग ग्राफिक कार्ड नको."

कारकुनाला वस्तू घ्यायची म्हटलं की तीन कोटेशनं मागवल्याशिवाय झोप येत नाही. मी आठवडाभर तीन दुकानांत चकरा मारल्या. मदरबोर्ड वायफाय असलेला घ्यावा की नसलेला, यावर तिघांची तीन मतं. आमचं देवघर मागच्या बाजूला, नेटचा डबा पुढच्या खोलीत, आणि मधे दोन हात जाडीची दगडी भिंत. तिच्यातून हाक जात नाही तर वायफाय काय जाणार? म्हणून मी वायफाय नसलेला बोर्ड घेतला आणि नेटची वायर थेट देवघरापर्यंत ओढायचं ठरवलं. दुकानदार त्यातही जास्त वेगाचं पोर्ट असलेला बोर्ड गळ्यात मारायला बघत होता. मी त्याला म्हटलं, वालूरला येतं तेवढंच नेट येणार, त्याला हत्ती जाईल एवढं दार कशाला करायचं? वायर मात्र चांगल्यातली घेतली आणि उंदरांच्या भीतीनं सबंध पाइपातून नेली. लाइट गेली तरी नेटचा डबा आणि कंप्युटर चालू राहावेत म्हणून दोन्हींना बॅटरी जोडली. ही बाजू पक्की झाली.

आवाजानं मात्र माझी पुरती जिरवली. मी पुस्तकी हिशेब केला होता. स्पीकर लावला तर यजमानाचा आवाज माईकमध्ये शिरून त्याचा त्यालाच परत ऐकू जातो, म्हणून हेडफोन बरा. कानाभोवती जाड मऊ गाद्या असलेला हेडफोन आणला आणि वडलांपुढे ठेवला. ते सोवळ्यात होते. त्यांनी हात लावला नाही, नुसतं वाकून बघितलं.

"हे कानाला काय लागणार? चामडं?"

"रेक्झीन आहे, अण्णा. प्लॅस्टिकच समजा."

"दिसतंय तर चामडं."

"दिसण्यावर काय आहे?"

"मग तूच घाल, आणि श्राद्धही तूच सांग."

जन्म या घरात गेला, उभ्या आयुष्यात सोवळ्यातला माणूस रोज सकाळी बघितला, आणि त्याच्या डोक्यावर मी रेक्झीनच्या गाद्या चढवायला निघालो होतो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. हेडफोन परत करायला गेलो तर दुकानदारानं कॉलरला लावायचा बारका माईक पुढं केला. तो हातात घेऊन बराच वेळ उभा राहिलो, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की उघड्या अंगावर उपरणं घेतलेल्या माणसाला कॉलर नसते. "जानव्याला अडकवा की," दुकानदार म्हणाला. हे मी घरी बोललो नाही.

शेवटी उभ्या दांडीचा माईक घेतला, जो फक्त समोरचं ऐकतो, त्याच्या पाठीमागं दोन लहान स्पीकर ठेवले आणि पडद्यावर एक कॅमेरा बसवला. माईकची दुसरी मोठी खुबी अशी की आजूबाजूचा गोंगाट तो आपणहून गाळून टाकतो. आमच्या शेजारीच पिठाची गिरणी आहे, तेव्हा मला वाटलं, सोन्याहून पिवळं. नांदेडला बहीण असते, तिला कॉल लावला आणि वडलांना म्हटलं, नेहमीसारखी पूजा करा. दोन मिनिटांत बहीण हसायला लागली. "दादा, अण्णा हात हलवायलेत, पण घंटा वाजंना." शंखाचंही तेच झालं. वडील गाल फुगवून शंख फुंकताहेत आणि नांदेडला सगळं चिडीचूप. त्या माईकच्या हिशेबात घंटा, शंख आणि गिरणी एकाच माळेचे मणी होते. ती खुबी मी बंद केली. मग घंटा आली, आणि तिच्याबरोबर गिरणीही आली. गिरणीवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, "गुरुजींचं काम हाय म्हणल्यावर काय. नऊ ते धा दळीत न्हाई."

एवढं करून स्पीकरमध्ये एक बारीक घूं घूं राहिलीच होती. वायरमन आला, त्यानं कंप्युटरकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ परसात गेला आणि म्हणाला, "अर्थिंगचा खड्डा कोरडा ठाक पडलाय. पानी वता, मीठ टाका." मी दोन बादल्या पाणी ओतलं, मीठ टाकलं. घूं घूं गेली. मी महिनाभर ज्यावर वाचत बसलो होतो ते मिठा-पाण्यानं मिटलं, याचा मला रागच आला.

पुण्याच्या यजमानांची तिथी आली. मी शाळेतून रजा टाकली. म्हटलं, पहिल्यांदा आपण शेवटपर्यंत बसून बघू. कंप्युटर देवघराच्या दाराशी होता, मी त्याच्याजवळ, वडील आत पाटावर. पडद्यावर यजमान आणि त्यांच्या बाई दिसल्या. दर्भ, तीळ, पाण्याचं भांडं सगळं मांडलेलं. यजमान म्हणाले, "गुरुजी, आवाज अगदी शेजारी बसल्यासारखा येतोय." मला बरं वाटलं. खरं तर फार बरं वाटलं.

संकल्प झाला. यजमानांनी जानवं उजव्या खांद्यावर घेतलं. वडील एकेक तुकडा सांगत होते, यजमान मागून म्हणत होते, कुठं अडखळणं नाही. आणि मग आवाज थांबला.

मी आधी पडद्याकडे बघितलं. यजमान वाट बघत होते आणि पंख्याच्या वाऱ्यानं त्यांचं उपरणं हलत होतं, म्हणजे चित्र अडकलेलं नव्हतं. वायर जागेवर होती. तिच्या तोंडाशी बारके दिवे लागलेले होते. मग मी वडलांकडे बघितलं. मंत्र सांगताना ते डोळे मिटून, अजिबात न हलता बसतात, तसेच बसले होते. ओठ मिटलेले होते. थोड्या वेळानं ते पुन्हा बोलायला लागले, दोन ओळी पुढून. मला भिक्षुकी येत नाही, पण लहानपणापासून कानांवर पडलेलं आहे. मधलं गळालं हे मला कळलं.

"गुरुजी, जरा आवाज गेला होता वाटतं," यजमान म्हणाले.

"हं," वडील म्हणाले आणि पुढं सांगायला लागले.

दुसऱ्यांदा थांबले ते बराच वेळ. गिरणी बंद होती, घूं घूं गेलेली होती. त्या चांगल्या माईकमधून वडलांचा नुसता श्वास पुण्याला ऐकू जात असणार. यजमानांच्या बाई त्यांच्याकडे वळून हळूच काहीतरी बोलल्या. मी हात मागं घातला आणि नेटची वायर उपटून काढली.

खट आवाजानं वडलांनी डोळे उघडले. "काय झालं?"

"नेट गेलं, अण्णा."

त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं. वायर हातातच होती.

"लाव ती."

"अण्णा, ते काय म्हणतील..."

"लाव म्हणतो ना."

मी लावली. पडद्यावर यजमान परत आले आणि घाईनं म्हणाले, "आमच्याकडूनच गेलं असेल, गुरुजी. इथं हल्ली असंच होतंय."

वडील म्हणाले, "नाही. नेट चांगलं आहे. मला पुढचं आठवंना गेलंय. वर्ष होत आलं. तुमच्या आईचं मागच्या वेळचंही अर्धंच झालं होतं. तुम्ही आवाज तुटतोय म्हणालात, मी हो म्हटलं. माफी असावी."

त्यांच्या बाईंनी पदर सारखा केला. मला वडलांचं वाईट वाटलं आणि माझी लाज वाटली. महिनाभर मी दुकानं पालथी घातली, माईकपासून अर्थिंगच्या खड्ड्यापर्यंत सगळं तपासलं, आणि पाटावर बसलेल्या माणसाला एकदाही काही विचारलं नाही. आणि आता, ते लपवत होते तेच मीही लपवायला निघालो होतो.

"पोथीतून सांगितलं तर चालेल का?" वडलांनी विचारलं. यजमानासमोर पोथी उघडताना मी त्यांना कधी बघितलं नव्हतं.

"चालेल की, गुरुजी. सावकाश होऊ द्या. आम्ही बसलोय."

पोथी काढली. अक्षर बारीक, पानं काळवंडलेली. वडलांनी ती लांब धरली, मग जवळ धरली, मग माझ्याकडे बघितलं. "हातपाय धुऊन धूतवस्त्र नेसून ये. तू वाच."

मी गेलो, आलो, त्यांच्या शेजारी बसलो आणि वाचायला लागलो. पहिली ओळ कशीबशी पार पडली. दुसरीत अडखळलो आणि तसाच रेटत पुढं गेलो. वडलांचे डोळे मिटलेले होते.

"चुकलं. मागून घे."

मी मागून घेतलं.

"पुन्हा चुकलं. असं म्हण." आणि त्यांनी तो तुकडा म्हणून दाखवला, स्वच्छ, माझ्या लहानपणी आख्ख्या आळीला ऐकू जायचा त्या आवाजात. मी म्हटला.

"हं. आता तुम्ही म्हणा," ते यजमानांना म्हणाले, आणि यजमानांनी म्हटला.