आक्काची दाढ आणि रविवारची गोळी

आक्का माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठी. मोहोळजवळच्या वस्तीवर मुलाकडे राहते. काही वर्षांपूर्वी शेळ्यांना पाणी पाजताना हौदापाशी घसरली आणि तिचं मनगट मोडलं. मी तिला सोलापुरात आणून हाडांच्या डॉक्टरांना दाखवलं. तपासणीत हाडं ठिसूळ झाल्याचं निघालं. त्यांनी आठवड्याला एक गोळी लिहून दिली. रिकाम्या पोटी पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही.

तिकडे ती गोळी नेहमी मिळायची नाही, म्हणून पाठवायचं काम माझ्याकडे आलं. मी तेव्हा नुकतीच शाळेतून निवृत्त झाले होते आणि कुणाला तरी शिस्त लावायची सवय अजून गेली नव्हती. दर रविवारी सकाळी सातला माझा फोन जायचा.

"घेतलीस?"

"घेतली."

"बसून आहेस ना?"

"बसलीया की. आता काय खांबाला बांदून घिऊ?"

सहा वर्षं हेच बोलणं. मधल्या काळात ती आणखी दोनदा पडली, पण हाड मोडलं नाही. त्याचं श्रेय मी मनातल्या मनात स्वतःकडे घेत होते.

गेल्या वर्षी तिच्या नातीचं लग्न ठरलं आणि बस्त्यासाठी सगळे माझ्याकडे आले. नवी पेठेतल्या दुकानात एरवी आक्काने गादीवरचा प्रत्येक पदर उलगडायला लावला असता. त्या दिवशी ती तोंडाला पदर लावून कडेला बसली. दुकानदाराने काही विचारलं की नुसती मान हलवायची. घरी आल्यावर म्हणाली, "तुमी घ्या जिवून. माज्यासाटी मागनं वाढ."

सगळ्यांचं उरकल्यावर मी तिचं ताट घेऊन आत गेले. ती दूधभात एका बाजूने गिळत होती. मी शेजारी बसले, तशी ती सरकली.

"काय झालंय आक्का?"

"काय न्हाय. दाढ काडली, तितलं भरंना झालंय."

"कधी काढलीस?"

"तीन म्हैनं झालं आसतील."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तू लगीच पळापळ करतीस." मग खाली बघत म्हणाली, "तोंडाला वास येतोय गं. घरी मीच माजं ताट येगळं केलंय. नातवंडास्नी जवळ घेत न्हाय."

मी तिला खिडकीपाशी नेलं आणि तोंड उघडायला लावलं. खाली, दाढ होती त्या जागी हिरडी मिटलीच नव्हती. मधे पिवळट, खरखरीत असं काहीतरी दिसत होतं. मला वाटलं, दाढेचाच तुकडा राहिला असेल.

दुसऱ्या दिवशी माझ्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी बराच वेळ पाहिलं, एक्स-रे काढला आणि विचारलं, "आजी, हाडांसाठी एखादी गोळी चालू आहे का? आठवड्यातून एकदा घ्यायची?"

आक्काने माझ्याकडे पाहिलं. उत्तर मीच दिलं. गोळीचं नाव, किती वर्षं, सगळं मला पाठ होतं.

"हा दाताचा तुकडा नाही," त्या म्हणाल्या. "हे जबड्याचं हाड आहे. गोळी हाडाची झीज थांबवते, पण तिच्यामुळे जुनं हाड जाऊन नवं येणंही मंदावतं. एरवी कळत नाही. दाढ काढली की कधीकधी जखम भरत नाही, हाड उघडं पडतं आणि तेवढं मरतं. फार थोड्यांना होतं. दाढ काढताना गोळीचं सांगितलं होतं का?"

"बीपीचं इचारलं, साकरंचं इचारलं," आक्का म्हणाली. "दोनी न्हाय म्हटलं. हाडाच्या गोळीचा दाताशी काय समंद?"

मलाही तो ठाऊक नव्हता. गोळीच्या पाकिटातला बारीक अक्षरांचा कागद मी दर वेळी न वाचता टाकून दिला होता.

घरी आल्यावर मला रडू आलं. "दर रविवारी मीच तुला..." एवढंच बोलता आलं.

"गप बस," आक्का म्हणाली. "तू काय इख धाडलंस व्हय? दोनदा पडले. खुबा मोडला आसता तर आज तुज्या दारात चालत आले नसते." ती हे माझी समजूत काढायला म्हणत होती की तिला खरंच तसं वाटत होतं, मी विचारलं नाही.

हाडांचे डॉक्टर आणि डॉक्टरीणबाई एकमेकांशी बोलले. गोळी बंद झाली. लगेच कापाकापी नको, असं ठरलं. औषधाच्या गुळण्या, जंतू मारायच्या गोळ्या आणि दर पंधरा दिवसांनी तपासणी. ती माझ्याकडेच राहिली. पहिल्या दिवशी मी माझं ताट तिच्या ताटाला लावून बसले, तर तिने भिंतीकडे तोंड केलं. दुसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी मात्र वळली आणि आमटीत मीठ कमी पडलंय म्हणाली.

लग्नापर्यंत वास गेला होता, हाड तसंच होतं. पाठवणीच्या वेळी नात गळ्यात पडली. आक्काने क्षणभर पदर तोंडाकडे नेला, मग सोडून दिला आणि तिला घट्ट धरलं.

पाचव्या महिन्यात एका तपासणीत तो तुकडा हलताना दिसला. डॉक्टरीणबाईंनी तो चिमट्याने अलगद उचलला. रक्त जेमतेम आलं. त्या तो टाकून देणार, तेवढ्यात आक्का म्हणाली, "थांबा. मला दावा की. माजं हाय."

त्यांनी तो धुऊन कापसावर ठेवला. अर्ध्या शेंगदाण्याएवढा होता. आक्काने चष्मा लावून तो उलटसुलट पाहिला. "येवडंसंच," म्हणाली आणि परत दिला. महिन्याभरात हिरडी मिटली. नंतर तिथे बसवलेली छोटी कवळी तिला आवडत नाही, पण जेवताना लावते.

यंदा माझी तपासणी झाली. माझीही हाडं विरळ निघाली आणि डॉक्टरांनी तीच गोळी सुचवली. मी आक्काला फोन करून विचारलं, "काय करू?"

"घे की," ती म्हणाली. "पर आदी दात दावून ये."

तशी गेले. दोन दाढा किडलेल्या होत्या, त्या काढून घेतल्या. जखमा पूर्ण भरेपर्यंत थांबले. मग गोळी सुरू केली. पाकिटातला कागद या वेळी भिंग घेऊन वाचला. त्यात जबड्याबद्दल दोन ओळी होत्या.